मुंबई महानगर : थोडी आकडेवारी आणि आमचे आजोबा

मित्रांनो, आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे ठरवायला मला आजही दोन सेकंद लागतात. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकाबाई (म्हणजे माझीच बेंचमेट!) जेव्हा म्हणाल्या, "तुझा टाउन प्लॅनिंगचा रिपोर्ट मराठीत लिहून दे," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. रिपोर्ट कशावर? तर एका महानगराची लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था. म्हणजे आकडेच आकडे!

पण मार्ग सापडला. आमच्या घरी आजोबा आहेत. वय वर्षे ब्याऐंशी (हे मी त्यांना विचारून लिहिलंय). मी टेबल पुढे ठेवायचं, ते चष्मा लावून मोठ्याने वाचायचे, मी लिहायचं. वाचता वाचता ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "हां, या साली मी इथं होतो." त्यामुळे जो रिपोर्ट मी नेटवरून माहिती घेऊन दोन रात्रींत संपवणार होते, त्याला तीन आठवडे लागले. त्यातलं जे सबमिशनच्या फाईलमध्ये बसलं नाही, तेही इथे लिहिते आहे.

१) मुंबई म्हणजे नक्की कुठली मुंबई?

कुठलाही आकडा वाचण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. कारण मुंबया एक नाही, तीन आहेत.

पहिली मुंबई म्हणजे मुंबई शहर जिल्हा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं जुनं बेट. दुसरी बृहन्मुंबई. यात शहर जिल्ह्यासोबत उपनगर जिल्हाही येतो, म्हणजे पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंड-मानखुर्दपर्यंत. हीच महानगरपालिकेची हद्द. तिसरी मुंबई म्हणजे मुंबई महानगर प्रदेश. यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल आणि बृहन्मुंबई अशा एकूण नऊ महानगरपालिका येतात. शिवाय अंबरनाथ, बदलापूरसारख्या नगरपालिका आणि शेकडो गावं. या प्रदेशाच्या नियोजनासाठी १९७५ साली एमएमआरडीए स्थापन झाली. २०१९ च्या हद्दवाढीनंतर प्रदेशाचं क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे शहर जिल्ह्यात ३०,८५,४११ माणसं होती, बृहन्मुंबईत १,२४,४२,३७३. जनगणनेने ज्याला 'मुंबई नागरी समूह' म्हटलं त्यात सुमारे १ कोटी ८४ लाख, आणि महानगर प्रदेशात सव्वादोन कोटींच्या वर. म्हणजे कुणी "मुंबईची लोकसंख्या किती?" असं विचारलं तर तीस लाख हेही उत्तर बरोबर आणि सव्वादोन कोटी हेही बरोबर! वादविवाद स्पर्धेत भाग घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

(जाता जाता : आपण अजून २०११ वरच का अडलोय? तर २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता ती २०२७ ची जनगणना म्हणून जाहीर झाली आहे. तोपर्यंत पक्के मोजलेले आकडे २०११ चेच. बाकी सगळे अंदाज.)

२) वाढतंय कोण?

"मुंबईची लोकसंख्या भरमसाट वाढते आहे" हे वाक्य मी शाळेपासून प्रत्येक निबंधात लिहीत आले. आता हे टेबल बघा. आकडे लाखांत आहेत.

साल – शहर जिल्हा – उपनगर
१९७१ – ३०.७० – २९.००
१९८१ – ३२.८५ – ४९.५८
१९९१ – ३१.७५ – ६७.५१
२००१ – ३३.३८ – ८६.४०
२०११ – ३०.८५ – ९३.५७

दशवार्षिक वाढीचा दर काढणं सोपं आहे. नव्या आकड्यातून जुना वजा करायचा, उत्तराला जुन्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. २००१ ते २०११ साठी हे केलं तर उपनगराची वाढ येते ८.२९ टक्के. शहर जिल्ह्याचं उत्तर येतं उणे ७.५७ टक्के! मला वाटलं माझा कॅल्क्युलेटर बिघडला. दोनदा करून पाहिलं. बरोबर होतं. दहा वर्षांत शहरातली अडीच लाख माणसं कमी झाली.

मग ही माणसं गेली कुठे? शेजारचा रकाना बघा. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. (त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तो नंतर, २०१४ साली.) आमचं बदलापूर २००१ मध्ये ९७,९४८ होतं, ते २०११ मध्ये १,७४,२२६ झालं. वाढ जवळजवळ ७८ टक्के. १९७१ साली बृहन्मुंबईतला दर दुसरा माणूस बेटावर राहत होता, २०११ साली जेमतेम चौथा.

थोडक्यात, मुंबई आतून रिकामी होत होत बाहेरून वाढते आहे.

हे टेबल वाचताना आजोबांनी १९८१ आणि १९९१ या दोन ओळींवर बोट ठेवलं. बेटाची लोकसंख्या टेबलात पहिल्यांदा घटली ती याच दहा वर्षांत. सुमारे १ लाख १० हजारांनी. ते म्हणाले, "यात आम्ही चौघं आहोत." आजोबा, आजी, बाबा आणि आत्या. १९८९ साली त्यांनी लालबागची खोली सोडली आणि बदलापूरला आले. मी म्हटलं, "आजोबा, ही नेट घट आहे, यात जन्म-मृत्यू, येणारे-जाणारे सगळे येतात." ते म्हणाले, "असूं दे गो. चौघं तरी आम्ही आहोतच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

३) हजार पुरुषांमागे किती बायका?

लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्यात ते ७७७ होतं, २०११ साली ८३२. पूर्ण महाराष्ट्रात २०११ साली ९२९.

आता रत्नागिरी जिल्हा बघा. २००१ साली ११३६ आणि २०११ साली ११२२. तिथे बायका जास्त! वर्गात आमच्या एका मित्राने लगेच "कोकणात मुलींना किती मान आहे बघा" असा निष्कर्ष काढला. तसं नाही हो. ही दोन टेबलं एकमेकांची जोडीदार आहेत. इथले जास्तीचे पुरुष म्हणजे तिथले कमी पडलेले पुरुष.

आमच्याच घरचं उदाहरण देते. आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. १९५९ साली सोळाव्या वर्षी मुंबईत आले, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साचा खात्यात कायम झाले. १९७१ च्या जनगणनेत ते मुंबईच्या पुरुषांत मोजले गेले. लग्न झालेलं होतं, पण आजी गावी. ती रत्नागिरीच्या बायकांत मोजली गेली. म्हणजे एका लग्नाने दोन जिल्ह्यांची गुणोत्तरं बिघडवली! आजी मुंबईला आली १९७४ साली, बाबांना कडेवर घेऊन. अशा हजारो आज्या आल्या, कुटुंबं इथेच वाढली आणि नवे एकटे पुरुष येण्याचं प्रमाण कमी झालं, की गुणोत्तर सुधारतं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली, हेही याच गोष्टीचं दुसरं टोक. गणपतीला गावची घरं उघडतात आणि अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा कुलूप लागतं, ते काही उगीच नाही.

साक्षरतेबद्दल एका ओळीत : २०११ साली मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत ती ९० टक्क्यांच्या जवळपास होती. आणि भाषा? बृहन्मुंबईत मातृभाषा मराठी सांगणारे साधारण ३५ टक्के, त्याखालोखाल हिंदी, मग उर्दू आणि गुजराती. मी त्या ३५ टक्क्यांतली, फक्त 'एकोणसाठ'ला अडखळणारी.

४) गर्दी मोजायची कशी?

घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ ६०३ चौरस किलोमीटर धरलं तर दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,६०० माणसं येतात. पण सरासरी हा फार फसवा प्रकार आहे. या क्षेत्रफळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग येतो, खाडी येते, विमानतळ येतो. तिथे कुणी राहत नाही. बिबटे राहतात, पण त्यांना जनगणनेत घेत नाहीत.

म्हणून मी दोन वेगळ्या घनता काढल्या.

पहिली, आजोबांच्या खोलीची. दहा बाय बारा फुटांची चाळीतली खोली, गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली. पटावर बारा जण. जेवण खानावळीत, झोप पाळीप्रमाणे. एक पाळी उठून गेली की त्याच वळकटीवर दुसरी पाळी. १२० चौरस फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. हिशोब केला तर घनता येते दर चौरस किलोमीटरला १० लाखांहून जास्त. शहराच्या सरासरीच्या पन्नास पट!

दुसरी, बाबांच्या लोकलची. ऐन गर्दीच्या वेळी डब्यात उभ्या जागेच्या दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं असतात. रेल्वेच्या भाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं खास नाव आहे. १४ जरी धरले तरी घनता होते दर चौरस किलोमीटरला १ कोटी ४० लाख. म्हणजे अख्खी बृहन्मुंबई एका चौरस किलोमीटरमध्ये उभी केली तरी वर जागा उरेल! कोण म्हणतं मुंबईत जागा नाही?

५) शहर जगतं कशावर?

आता अर्थव्यवस्थेकडे वळू. मुंबईच्या कमाईच्या गोष्टीचे साधारण तीन अंक आहेत.

पहिला अंक कापसाचा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातला बराचसा सट्ट्यात बुडाला, पण बंदर, बँका आणि गिरण्या यांची घडी बसली. १८७५ साली शेअर बाजार सुरू झाला. परळ, लालबाग, भायखळा, वरळी हे गिरणगाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर झोपायचं.

दुसरा अंक कारखान्यांचा. स्वातंत्र्यानंतर ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आले, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनं आणि इंजिनिअरिंग, अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसायला लागली. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं.

दोन अंकांच्या मध्ये एक तारीख आहे : १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. यंत्रं जुनी झाली होती, भिवंडीचे पॉवरलूम स्वस्तात कापड काढत होते आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग व्हायला लागली होती. हजारो कामगार पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत. आमचे आजोबा त्यातलेच. "संप मिटला असं आम्हाला कुणी येऊन सांगितलंच नाही," असं ते म्हणतात. सात वर्षं मिळेल ते काम केलं, आजीने खानावळ चालवली. शेवटी खोली सोडली.

तिसरा अंक आता चालू आहे, तो सेवा क्षेत्राचा. बँका, विमा, शेअर बाजार, सिनेमा, टीव्ही, आयटी, हॉस्पिटलं, मॉल. रिझर्व्ह बँक आणि दोन्ही मोठे शेअर बाजार इथेच. कामाची ठिकाणंही फोर्टवरून वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, ऐरोली अशी पसरली. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलर धरली आहे आणि २०३० पर्यंत ती ३०० अब्ज करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. दरडोई हिशोब केला तर वर्षाला पाच हजार डॉलरच्या आसपास येतो. पण वर म्हटल्याप्रमाणे सरासरी फसवी. याच सरासरीत मलबार हिल आहे आणि धारावीही. आणि धारावी म्हणजे नुसती झोपडपट्टी नव्हे. चामडं, कुंभारकाम, कपडे, भंगारावर प्रक्रिया असे किती तरी उद्योग तिथे घरोघरी चालतात.

६) घर आणि काम यातलं अंतर

माझ्या रिपोर्टचा खरा निष्कर्ष इथे आहे. काम आणि घर या दोन गोष्टी एकमेकांपासून लांब गेल्या.

गिरणी कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. खोली वाईट होती, पण कामाजवळ होती. आज शहराजवळ राहायचं तर एक उपाय म्हणजे झोपडपट्टी. २०११ साली बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत होते, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. दुसरा उपाय म्हणजे लांब जाणं. आम्ही दुसरा निवडला.

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. बाबा जाऊन-येऊन रोज १३६ करतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ४०,८०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०७५. म्हणजे आमचे बाबा दर वर्षी उभ्याने पृथ्वीप्रदक्षिणा घालतात, आणि असं तीस वर्षं चाललंय! हे गणित मी जेवताना ऐकवलं तेव्हा सगळे हसले. बाबा पण हसले, पण मग म्हणाले, "तू लहान असताना आठवडाभर मला फक्त झोपलेली दिसायचीस." नंतर कुणी काही बोललं नाही.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं? ही जमीन सुमारे ६०० एकर होती, शहराच्या अगदी मध्यात. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीवर इमारती असतातच, त्यामुळे वाटणीला जमीन फार थोडी उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, घरं मात्र त्यामानाने फार थोडी झाली. आजोबांच्या अर्जाची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या कपाटात ठेवलेली आहे.

रिपोर्टसाठी फोटो काढायचे म्हणून मी आजोबांना घेऊन त्यांच्या गिरणीच्या जागी गेले. आता तिथे काचेचा टॉवर आहे. गेटवर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "किससे मिलना है?" आजोबा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "कुणाला नाय. इथं साचा खातं होतं." सिक्युरिटीवाला भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. तो राहतो नालासोपाऱ्याला. म्हणजे तोही रोज आमच्यासारखाच लांबून येतो.

७) आपण यातून काय घ्यायचं?

मित्रांनो, आपण उद्याचे इंजिनिअर. या प्रदेशात २०१४ पासून मेट्रो धावते आहे, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. हे सगळं हवंच. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, मला तर पूल बघितला की आनंदच होतो. पण पूल माणसाला कामापर्यंत लवकर पोचवतो, कामाजवळ घर देत नाही. प्रवासाची एक मिनिट वाचवणारी डिझाइन करताना, हा प्रवास मुळात का करावा लागतो, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. आणि तो आकडे वाचल्याशिवाय विचारता येत नाही.

जनगणनेच्या फॉर्मात एक प्रश्न असतो : स्थलांतराचं कारण. २०११ च्या फॉर्ममध्ये पर्याय होते काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत आणि इतर. शेवटच्या दिवशी मी आजोबांसमोर हे पर्याय वाचले. १९५९ साठी ते लगेच म्हणाले, "काम." आजीच्या १९७४ साठी "लग्न घाल" म्हणाले. मग मी विचारलं, "आणि १९८९? बदलापूरला का आलात?"

त्यांनी पर्याय पुन्हा एकदा वाचायला लावले. मी वाचले. "काम गेलं म्हणून, असं नाय त्यात?" नव्हतं.

"मग इतर लिही," ते म्हणाले.

रिपोर्टच्या पंधराव्या पानावर बदलापूरचं टेबल आहे. त्यात 'इतर' नावाचा एक छोटासा रकाना आहे. सरांनी त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून लिहिलंय : "एक्सप्लेन." सर, वर लिहिलेला सगळा लेख हे त्याचं उत्तर आहे.

– तृतीय वर्ष, सिव्हिल